संक्षेपाची नीती

सत्य सांगताना किती सांगितले म्हणजे पुरे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा कोणी विचारीत नाही. खोटे बोलू नये एवढे सांगून ग्रंथकार पुढे जातात. परंतु व्यवहारात खोटे बोलण्यापेक्षा कमी सांगण्याचे प्रसंगच फार येतात. साक्षीदार थोडक्यात सांगतो, इतिहासकार निवडून सांगतो, चरित्रकार गाळून सांगतो. आणि यांपैकी प्रत्येकास, आपण गाळले ते क्षुल्लक होते, असे प्रामाणिकपणे वाटत असते. हा प्रश्न आमच्यापुढे अलीकडे उभा राहिला तो मात्र कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर घरातील एका लहानशा प्रसंगामुळे.

आमच्या मावशी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेल्या पौषात निवर्तल्या. त्यापूर्वीच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, देवघरापुढे समईच्या उजेडात बसून त्या नित्याप्रमाणे भूपाळी म्हणत असता आमच्या भाच्याने आपल्या मोबाईलवर त्यांचे तीन-चार मिनिटांचे चित्रण केले. ते त्याने त्याच दिवशी घरच्या मंडळींस पाठविले. सर्वांनी पाहिले, वाखाणले आणि आणखी कोणाकोणास पाठविले. मोबाईलमध्ये जागा उरली नाही म्हणून मूळ चित्रण मात्र त्याने आठ-पंधरा दिवसांत पुसून टाकले. तेरावा झाल्यावर मंडळी एकत्र बसली असता, कोणाकडून तरी फिरून आलेली प्रत त्याने टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावली. मावशींची मुलगी काही वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आईच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

खरोखरच गोंदण दिसत नव्हते. सुरकुत्याही नव्हत्या. समईमागचा अंधार काळसर चौकोनांच्या ढिगासारखा दिसत होता, आणि त्यात मावशींचा चेहरा मेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत झाला होता. भाचा ओशाळला. "मामा, पाठवताना मला दोन्ही अगदी सारखंच दिसलं हो," असे तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. आणि तो खोटे बोलत नव्हता. मग गोंदण कोणी नेले? आणि नेले असेल तर त्याने काही अन्याय केला असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, चित्रफितीचा संक्षेप ही काय वस्तू आहे ते पाहिले पाहिजे. मोबाईलवरील नेहमीचे चित्रण घेतले तरी त्यातील प्रत्येक चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवण्यास तीन बाइट लागतात, आणि सेकंदाला अशी ३० चित्रे घेतली जातात. हा गुणाकार केला असता एका सेकंदास १८ कोटींहून अधिक, आणि एका मिनिटास ११ अब्जांहून अधिक बाइट होतात. ६४ गिगाबाइटांची मोबाईलची सारी कोठी या हिशेबाने सहा मिनिटांच्या आत भरून जाईल. प्रत्यक्षात एक मिनिटाच्या चित्रणास शंभर-सव्वाशे मेगाबाइट किंवा त्याहूनही कमी जागा लागते. म्हणजे शंभर भागांपैकी एखादाच भाग यंत्र राखते, आणि बाकीचे नव्याण्णव टाकूनही चित्र साजरे दिसते. हा चमत्कार मानावयाचा की हातचलाखी?

यातील मोठा वाटा निःसंशय प्रामाणिक कौशल्याचा आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा सिद्धांत मांडला की, जे आधीच तर्काने ओळखता येते त्यात वार्ता नसते. वार्ता असते ती अनपेक्षितात. देवघराची भिंत एका क्षणी जशी होती तशीच पुढल्या क्षणी आहे, हे पुन्हा पुन्हा कशास सांगावयाचे? म्हणून यंत्र अधूनमधून एक चित्र संपूर्ण लिहिते, आणि मधल्या चित्रांबद्दल केवळ 'हा भाग तोच, तो भाग एवढा सरकला, येथे मात्र इतका फरक पडला' एवढेच नोंदविते.

ही युक्ती आपल्याकडील विद्वानांस नवी वाटू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सुमारे ४,००० सूत्रे ज्या अनुवृत्तीच्या बळावर इतकी आटोपशीर राहिली ती हीच होय. आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रात पुन्हा उच्चारावयाचे नाही. ते वाहत येते असे समजावयाचे आणि नवे असेल तेवढेच सांगावयाचे. सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी आख्यायिका उगीच रूढ झालेली नाही. पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' एवढी चार अक्षरे लिहून साष्टांग नमस्कारासह सारी विनंती पोहोचविणारे आमचे वडीलही त्याच मार्गाचे अनुयायी होते. या जातीच्या संक्षेपात काहीच हरवत नाही. ज्यास संकेत ठाऊक आहे त्यास मूळ वस्तू जशीच्या तशी परत मिळते. अशा काटकसरीवर नीतिशास्त्रास कोणताच आक्षेप घेता येणार नाही.

परंतु निव्वळ अशा निर्दोष काटकसरीने शंभराचा एक होत नाही. पुढचा टप्पा येतो तो खरोखरीच टाकून देण्याचा. माणसाच्या डोळ्यास उजेडातील बारीक फरक जितका कळतो तितका रंगातील कळत नाही. म्हणून चार-चार ठिपक्यांत मिळून एकाच रंगाची नोंद ठेवतात, आणि तेवढ्यानेच ओझे निम्मे होते. त्यानंतर चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ठिपक्यांऐवजी त्यातील चढउतार मोजतात. काही चढउतार संथ असतात, काही अतिशय बारीक. संथ चढउतार जपून ठेवतात; बारीक चढउतारांचे आकडे मोठ्या मापाने मोजून ढोबळ करतात, आणि त्यांतील बहुतेक शून्यावर येतात. शून्ये लिहिण्यास जागा लागत नाही. हे चढउतार मोजण्याचे गणित बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत अध्यापन करीत असता शोधून काढले. १९७२ साली त्यांनी या संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, तेव्हा कल्पना फारच साधी आहे म्हणून ते नाकारण्यात आले. तरीही काम न सोडता नटराजन व के. आर. राव या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी १९७४ साली ते प्रसिद्ध केले. पुढे छायाचित्रांची व चित्रफितींची जी प्रमाणे ठरली त्यांतील बहुतेक याच गणिताच्या पायावर उभी आहेत. २००३ साली ठरलेले एच. २६४, २०१३ सालचे एच. २६५ आणि २०१८ सालचे एव्ही१ ही त्याच घराण्याची अपत्ये होत. प्रत्येक नव्या पिढीने मागच्या पिढीहून पुष्कळ कमी जागेत तेवढेच चांगले चित्र बसवून दाखविले.

तेवढेच चांगले, म्हणजे कोणाच्या डोळ्यास? येथे आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. यंत्राच्या कर्त्यांनी एक सर्वसाधारण डोळा कल्पिला, त्यास काय दिसत नाही याचा अभ्यास केला, आणि जे दिसत नाही ते टाकण्यास यंत्राला शिकविले. यावर कोणी म्हणेल, जे दिसतच नव्हते ते गेले तर गेले काय? या युक्तिवादाची परीक्षा करण्यास गवळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. गवळ्याने शेरभर दुधात पावशेर पाणी घातले आणि गिऱ्हाइकास चवीत फरक कळला नाही, तर गवळी निर्दोष ठरतो काय? आम्ही तसे मानीत नाही. फसवणूक ही गिऱ्हाइकाच्या जिभेवर अवलंबून नसते. काय दिले म्हणून सांगितले आणि काय दिले, या दोहोंतील अंतरावर ती अवलंबून असते. त्याच गवळ्याने 'हे पातळ दूध आहे, म्हणून स्वस्त आहे' असे सांगून विकले असते तर त्याच दुधात दोष राहिला नसता. म्हणजे टाकण्यात अनीती नाही. टाकले हे न सांगण्यात ती आहे. भाच्याच्या मोबाईलने आणि पत्रे पोहोचविणाऱ्या यंत्रणेने मावशींचे चित्रण वाटेत पुन्हा पुन्हा आटविले, परंतु 'ही मूळ नव्हे, आटविलेली प्रत आहे' असे त्यास सहज दिसेल अशा तऱ्हेने कोणी बजाविले नाही. दोन्ही सारखीच आहेत या समजुतीने त्याने मूळ पुसले. त्याचा दोष असेल तर विश्वासाचा आहे.

याहून खोल जाणारी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या मनास अधिक लागली. वार्ता असते ती अनपेक्षितात, असे शॅननने सांगितले. मग एखाद्या माणसाच्या चेहऱ्यात अनपेक्षित ते काय असते? नाक, डोळे, कपाळ ही सर्वांस असतात. ती तर्काने सांगता येतात. तर्काने सांगता येत नाही ते गोंदण, ती भुवईजवळची देवीची खूण, बोलताना ओठाच्या एकाच कडेस पडणारी ती घडी. या गोष्टी बारीक असतात, अंधुक असतात, आणि त्यांची नोंद ठेवणे यंत्रास सर्वांत महाग पडते. त्यातून समईच्या मंद उजेडात मोबाईलच्या डोळ्यापुढे नाचणारे निरर्थक कण असतात, तेही असेच बारीक आणि तर्कास न जुमानणारे. कण कोणता आणि कपाळावरची खूण कोणती, हे ओळखण्यास लागणारी ओळख यंत्रास नसते. म्हणून ते दोहोंसही एकाच केरसुणीने झाडून काढते. उरते ते कोणाही वृद्ध स्त्रीचे मुख. जाते ते नेमके मावशींचे मावशीपण. सर्वसाधारण डोळ्यास हा तोटा दिसला नाही, कारण तो डोळा मावशींस ओळखत नव्हता. मुलीच्या डोळ्याने तो पहिल्या क्षणीच पकडला. ज्याचे प्रेम अधिक त्याची नजर अधिक बारीक, आणि ज्या प्रसंगी ती नजर त्या चित्रास सर्वांत अधिक प्रश्न विचारील तो प्रसंग चित्रणाच्या वेळी अद्याप यावयाचा असतो. आज कोणास काय दिसत नाही एवढ्यावरून, उद्या कोणास काय हवे होईल याचा निवाडा करणे म्हणून धोक्याचे आहे.

परंतु एवढ्यावरून संक्षेपास दूषण देऊन मोकळे होणे हेही न्यायाचे होणार नाही. संक्षेप नसता तर काय झाले असते? भाच्याने चित्रण केलेच नसते. कारण तीन-चार मिनिटांस चाळीस अब्ज बाइट देण्याचे सामर्थ्य मोठ्या चित्रपटसंस्थेस असेल, त्यास नव्हते. आमच्या लहानपणी एका फिल्मवर ३६ छायाचित्रे निघत, आणि ती फिल्म घरात वर्षभर पुरवीत. त्या वर्षांतील मावशींचे हलते, बोलते असे काहीच आज शिल्लक नाही. नातवाचे पहिले पाऊल परगावच्या आजीस त्याच संध्याकाळी दिसते, आखातात नोकरीस गेलेल्या मुलास घरच्या गणपतीची आरती पाहावयास मिळते, ही या टाकून देण्याच्या विद्येचीच देणगी होय. अस्सलाचा आग्रह हा पुष्कळ वेळा श्रीमंताचा आग्रह असतो. शिवाय आपली स्मृती तरी काय करते? तीही दिवसांचे दिवस गाळते, चार प्रसंग राखते, आणि मधल्या भागास 'तसेच चालले होते' एवढ्यावर उरकते. गाळल्यावाचून आठवण नाही आणि निवडल्यावाचून कथन नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

तेव्हा संक्षेप करावा की न करावा हा प्रश्न नाही. कोणती मर्यादा ओलांडली म्हणजे तो असत्य होतो, हा प्रश्न आहे. ती मर्यादा आमच्या मते गाळणे आणि भरणे यांच्या मधून जाते. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संशोधकाने एका नामांकित कंपनीच्या नकलयंत्रांतील एक विलक्षण दोष उघडकीस आणला. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे निरनिराळी लिहिलेली होती. यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांवर १४.१३ चौरस मीटर हाच आकडा उमटला. जागा वाचविण्यासाठी ते यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून ठिकठिकाणी तोच तुकडा छापीत असे, आणि निरनिराळ्या आकड्यांस ते 'एकसारखे' समजले. यातील भयंकर गोष्ट अशी की, ते आकडे पुसट नव्हते. ते ठसठशीत, स्वच्छ आणि चुकीचे होते. पुसट आकडा पाहणाऱ्यास सावध करतो. 'मला खात्री नाही' असे तो आपण होऊन सांगतो. ठसठशीत चुकीचा आकडा ही सावधगिरीच काढून घेतो. गाळलेल्या जागी धूसरपणा ठेवणारा साक्षीदार अपुरा असेल, पण खरा आहे. गाळलेल्या जागी अंदाज भरून तो निश्चयाने सांगणारा साक्षीदार खोटा आहे, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

हा विवेक आम्हांस घरातच लवकर वापरावा लागला. भाच्यास आपली चूक सलत होती. अंधुक चित्रे स्वच्छ करून देणारे यंत्रबुद्धीचे एक साधन त्याने मिळविले आणि ते चित्रण त्यातून काढून आणले. परिणाम पाहून आम्ही थक्क झालो. चौकोन गेले होते, समईची वात रेखीव झाली होती, पापणीचा केस न् केस दिसत होता. कपाळ मात्र निर्मळ होते. आणि डोळ्यांत एक प्रकारचा तजेला आला होता जो मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतर कधी नव्हता. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या त्या साधनाने, अशा वयाच्या बाईचे मुख सामान्यतः कसे असते याचा अंदाज बांधून तो मावशींच्या जागी रेखाटला होता. मुलीने ते दोनदा पाहिले. मग ती भाच्यास जवळ घेऊन म्हणाली, "छान आहे रे, पण ही कोणीतरी दुसरीच बाई आहे. मला ती पुसटच असू दे. तिच्यात आई गेलेली दिसते तरी." शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हांस लगेच उमगला नाही. आता वाटते की, तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही इतकी वर्षे अनुमान आणि प्रत्यक्ष यांतील जो भेद शिकवितो तो तिने एका वाक्यात सांगितला. पुसट चित्रात हरवलेल्या भागाची जागा रिकामी दिसत होती; स्वच्छ चित्रात तीही बुजली होती.

आणखी एका गोष्टीचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी असे दाखविले की, यंत्रे कोळसा कमी खाऊ लागली म्हणजे देशाचा कोळसा वाचत नाही. यंत्रेच वाढतात आणि एकंदर खप वाढतो. चित्रफितींच्या बाबतीत आपण हेच करीत आहो. जागा वाचते म्हणून आपण दसपट चित्रणे करतो. मग जागा पुन्हा अपुरी पडते. मग घाईघाईने पुसावयास बसतो, आणि बारशाच्या चाळीस सारख्या चित्रणांबरोबर मावशींचे एकुलते एक चित्रणही पुसले जाते. यंत्राने टाकले त्याहून अधिक आपण टाकले, आणि यंत्राइतकाही विचार न करता टाकले. घनपाठ करणाऱ्या वैदिकांची येथे आठवण होते. एकेक पद सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणून त्यांनी पाठ वाढविला तो अक्षर हरवू नये म्हणून. एकाच परंपरेने सूत्रात अर्धी मात्रा वाचविली आणि घनपाठात त्याच पदांची अनेक वेळा आवृत्ती केली. कारण कोठे आटवावयाचे आणि कोठे दुणावावयाचे, हे तिने वस्तूचे मोल पाहून ठरविले होते.

आपल्यासारख्या प्रापंचिक माणसांस यातून घेण्याजोगे असे तीनच नियम आम्हांस दिसतात. पाठवावयाची ती प्रत खुशाल आटवावी, परंतु जपावयाचे ते मूळ निराळे ठेवावे, आणि ते दोन ठिकाणी ठेवावे. आटविलेल्या प्रतीस आटविलेली म्हणावे. आणि हरवलेल्या जागी कोणी अंदाज भरून देऊ लागला तर ते चित्र भिंतीवर लावावे वाटल्यास, पण पुराव्याच्या पेटीत ठेवू नये.

हे नियम भाच्यास आम्ही सांगितले तेव्हा त्याने एक व्यावहारिक शंका काढली. जागा तर मर्यादितच राहणार. मग जपावयाचे कोणते आणि पुसावयाचे कोणते, हे ठरवावे कसे? याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि ते कोणत्याही प्रमाणग्रंथात सापडेल असे वाटत नाही. एवढेच आम्ही त्यास म्हणालो की, पुसण्यापूर्वी प्रत्येक चित्रण एकदा शेवटपर्यंत पाहावे. परवा तो घरी आला होता. दिवाळीपासूनची सारी चित्रणे पाहण्यास त्यास तीन रविवार लागले होते, आणि त्यातील एकात, भरदिवसा अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बायकांच्या मागे, क्षणभर वळून पाहणाऱ्या मावशी त्यास सापडल्या होत्या. ते चित्रण कोणास पाठविण्याजोगे नव्हते, म्हणून त्याने ते कधी पाठविले नव्हते. आणि म्हणूनच ते मूळचे मूळ राहिले होते. गोंदण त्यात दिसते.